लोखंडी कंड्युट (वायरी ओढायचा पाइप) पॅनलला चेकनटने (दातेरी चपट्या नटने) घट्ट आवळला असेल, तर वेगळी अर्थ वायर लागते का? किती जाडीची?

लागते. "चेकनट घट्ट आहे, मल्टीमीटर बीप देतोय, मग वायर कशाला?" असं तुमचा काँट्रॅक्टर म्हणतो, हे वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य मी एका सुपरवायझरच्या तोंडून दोन वर्षं ऐकलंय.

कॉम्प्रेसर रूममधल्या एक्झॉस्ट फॅनची लाइन होती. पॅनल नवाकोरा, पावडर कोटिंगचा. मी म्हटलं, भोकाभोवतीचा रंग खरवडू आणि पाइपापासून अर्थ बारपर्यंत (पॅनलमधल्या सगळ्या अर्थ वायरी जोडायच्या पट्टीपर्यंत) जंपर, म्हणजे जोडवायर, टाकू. साहेब म्हणाले, "पाइप लोखंडाचा, पेटी लोखंडाची, आणखी काय पाहिजे? आणि जमिनीतल्या अर्थ पिटचं रीडिंग एक ओहमच्या आत आहे!" पिट सोन्याचा असला तरी पाइप त्याच्यापर्यंत पोचायला नको का? असो. नट आवळला, बीप वाजला, काम पास. पाइपाच्या तोंडाला धार झाकणारा बुशसुद्धा घातला नाही.

दीड वर्षाने आमचा हेल्पर शिडीवर चढून त्याच पाइपाचं सॅडल (भिंतीला धरणारी पट्टी) आवळत होता. झटका बसला आणि खाली आला. मनगटावर निभावलं. बुश नसल्यामुळे पाइपाच्या धारेने फेजचं इन्सुलेशन कापलं होतं. फॅनकडचा बॉक्स प्लास्टिकचा, म्हणजे तिकडूनही वाट नाही. पाइप आणि पॅनलची बॉडी यांच्यात मीटर लावला तर 228 व्होल्ट, आणि एमसीबी (जादा करंट आला की पडणारा स्विच) मजेत वर! नट काढला. खाली रंग जसाच्या तसा, फक्त एका दाताचा ओरखडा, तोही गंजलेला. सुरुवातीचा बीप त्या ओरखड्यातून आला होता.

बीपला काही मिलीअँपिअर पुरतात. 16 अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी तत्काळ पडायचा तर 80 ते 160 अँपिअर लागतात. 230 व्होल्टवर याचा अर्थ, अख्खा फॉल्ट लूप (फॉल्टचा करंट जाऊन परत येतो ती पूर्ण वाट) 1.4 ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी हवा. त्या गंजक्या सांध्याने दहा ओहमची भर घातली तर करंट जेमतेम 20 अँपिअर. तेवढ्याला हा एमसीबी तासाभरातही पडेलच असं नाही. सांधा मात्र तापत राहील.

म्हणून रंग खरवडायचा, चेकनट आतून आणि बाहेरून दोन्हीकडे लावायचा, दात पत्र्यात रुततील असा. नॉकआउट (पेटीवरचं ठोकून उघडायचं भोक) एकात एक कड्यांचा असेल आणि बाहेरची कडी तशीच राहिली असेल, तर ती दोन-चार बारीक टाक्यांवर उभी असते. तिथे लग (वायर कसायची जागा) असलेला बाँडिंग बुश आणि जंपर लावाच. पाइपातून वेगळी अर्थ वायरही ओढा आणि अर्थ बारवर तिला स्वतःचा स्क्रू द्या. जाडीचं म्हणाल तर फेजची वायर 16 चौरस मिलिमीटरपर्यंत असेल तर अर्थ साधारण तेवढीच. त्यापुढचं गणित वेगळं आहे, इथे मावणार नाही.

एक कबूल करतो. नीट जोडलेला जाड स्टीलचा कंड्युट काही ठिकाणच्या नियमांत स्वतःच अर्थचं काम करू शकतो. तुमच्याकडचा नियम बघून घ्या. शिवाय 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की पडणारा स्विच) असता तर त्या दिवशी बहुधा पडला असता. आमच्या लाइनला तो नव्हता. तो असला तरी तो दुसरा पहारेकरी, पहिल्याला सुट्टी देण्यासाठी नव्हे.

अपघाताच्या रिपोर्टमध्ये साहेबांनी लिहिलं, "हेल्परचा निष्काळजीपणा." जंपरची माझी मागणी तारखेसकट लेखी होती, ती फाइलमध्ये सापडली नाही. माझ्याकडे कॉपी आहे, अजून.

काँट्रॅक्टर पुन्हा बीप ऐकवायला लागला, तर सप्लाय बंद करून त्याला नट काढायला लावा आणि खालचा पत्रा बघा.