माणसाकडे शेवटी बघा

निसर्गचित्रांतली एकटी माणसं समजून घ्यायची असतील, तर सुरुवात जर्मन चित्रकार कास्पार डाविड फ्रीडरिशच्या ‘समुद्राकाठचा साधू’पासून करा. १८०८ ते १८१० या काळातलं हे चित्र बर्लिनच्या आल्टे नात्सिओनालगॅलरीत आहे. रुंदी जवळजवळ पावणेदोन मीटर, आणि त्यात माणूस बोटभर!

पण लगेच त्याच्याकडे धावू नका. आधी आकाशात रेंगाळा, बहुतेक चित्र त्यानंच व्यापलंय. मग समुद्राचा काळपट पट्टा, मग फिकट वाळू, आणि शेवटी साधू. सगळ्या आडव्या पसाऱ्यात ठळक उभी रेघ तेवढी एकच. छापील प्रत असेल तर त्याला करंगळीनं झाकून बघा. आकाशाचा अफाटपणा एकदम ओसरतो. मोजायला कुणी उरतच नाही ना. मी हे कितीदा तरी केलंय आणि दर वेळी चकित झालोय. फ्रीडरिशनं आधी समुद्रात गलबतंही रेखली होती, मग काढून टाकली. इन्फ्रारेड तपासणीत ती दिसतात. त्या वगळण्यातच मला त्याची खरी हिंमत वाटते.

मग फ्रीडरिशचाच, हॅम्बुर्गमधला, १८१८ च्या सुमाराचा ‘धुक्याच्या समुद्रावरचा भटक्या’ बघा. हाही पाठमोराच, पण मधोमध आणि मोठा. दोन्हीकडचे डोंगरउतार त्याच्या छातीशी येऊन मिळतात. चेहरा दिसत नाही, म्हणून आपण त्याच्या जागी उभे राहतो. याला घाईनं ‘उदास’ म्हणू नका.

आणि मोबाईलवर नको, मोठ्या पडद्यावर बघा. मोबाईलवर साधू ठिपकाच होतो.