मुलगा ऑफिस असिस्टंट झाला तर बिघडलं काय?

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा ग्रॅज्युएट, 54 टक्के, एंट्रन्स दोनदा देऊन झाली नाही, आता स्वतःहून म्हणतोय ॲडमिनिस्ट्रेटिव्ह असिस्टंटचं ट्रेनिंग घेतो, आणि तुम्ही मला विचारताय की याला या खुळातून बाहेर कसं काढू, हे मुलींचं काम, नातेवाइकांना काय सांगू.

खरं सांगू का, मला 54 टक्क्यांची काळजी नाही वाटली, तुमची वाटली. एवढ्या लांबलचक पत्रात मुलाला काय आवडतं यावर एकच ओळ आणि तीही तक्रार म्हणून: 'अभ्यास सोडून मित्रांच्या ट्रिपचं प्लॅनिंग आणि हिशोब करत बसतो'. अहो, दहा जणांच्या तारखा जुळवायच्या, पैसे वसूल करायचे, ऐनवेळी बुकिंग बदललं तर सगळ्यांना कळवायचं, आणि एवढं करून कुणाशी वाजवून घ्यायचं नाही, या कामाचे लोक पगार देतात! पोरानं पहिल्यांदा स्वतःचं काहीतरी ठरवलं आणि घरातनं पहिला प्रश्न आला तो नातेवाइकांचा. तिसऱ्यांदा एंट्रन्सला बसवायचा विचार असेल तर तो सोडा, स्पष्टच सांगतो. आणि 'मुलींचं काम' म्हणाल तर 1874 मध्ये रेमिंग्टनचा टाइपरायटर बाजारात आला त्याआधी ऑफिसातले कारकून जवळपास सगळे पुरुषच असायचे.

आता तुमचं ते 'टायपिंग तर कोणीही करतं'. टायपिंग लागतंच, पण ते यातलं सगळ्यात सोपं. समजा साहेबांचा लंडन आणि न्यूयॉर्कवाल्यांबरोबर दर आठवड्याला कॉल आहे. त्या दोन शहरांत एरवी 5 तासांचा फरक, पण मार्चमध्ये उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे करतात तेव्हा अमेरिकेची ब्रिटनच्या आधी पुढे जातात, म्हणून दोन-तीन आठवडे तो फरक 4 तासांवर येतो. ज्याला हे माहितीये तो आदल्या आठवड्यातच सगळ्यांना मेल टाकतो, ज्याला नाही त्याचा साहेब रिकाम्या स्क्रीनसमोर तासभर बसतो. मिनिट्सचं, म्हणजे मीटिंगच्या नोंदींचंही तेच. कोण काय बोललं ते सगळं उतरवून काढणारे ढीगभर मिळतात, ठरलं काय, करणार कोण आणि कधीपर्यंत, हे अर्ध्या पानात देणारा मिळत नाही. शिवाय पगाराच्या फायली, कुणाला काढायचं ठरलंय ते मेल, सगळं याच्या डोळ्यासमोरून जातं, तोंड बंद ठेवता येणं हेसुद्धा स्किलच आहे.

टायपिंगची परीक्षा द्यावी, वर्ड-एक्सेलचं सर्टिफिकेट करावं, शॉर्टहँड कोर्टाकडे जायचं असेल तरच. वर्षभराच्या महागड्या डिप्लोमाच्या मागे मात्र लागू नका. मेल मर्ज (एकच पत्र यादीतल्या प्रत्येकाच्या नावानं काढणं), पिव्होट टेबल (एक्सेलमधल्या मोठ्या यादीचा गटवार गोषवारा), कॅलेंडर, नीटनेटकी मेल लिहिणं, हे मन लावून केलं तर काही महिन्यांत हाताला बसतं. मग कुठल्यातरी छोट्या ऑफिसात चिकटावं, तिथे एकट्यालाच सगळं बघावं लागतं, म्हणून शिकायला खूप मिळतं.

आणि एक राहिलंच. त्याचा बायोडाटा 'मीच बनवून पाठवतोय' असं लिहिलंय तुम्ही. तो आधी डिलीट करा. या लाइनमध्ये उमेदवाराच्या कामाचा पहिला नमुना म्हणजे बायोडाटाच, मार्जिन सरळ आहे का, तारखा जुळतात का, फाइलला नाव नीट दिलंय का, हे सगळं बघतात. त्याचा त्याला करू दे आणि पुढचं पत्रही त्यालाच लिहू दे.