कस्तुरचंद पार्कवरचा आजचा संध्याकाळचा कार्यक्रम होणार का, कसं कळेल?

दुपारपासून आभाळ भरून आलंय म्हणून विचारताय ना? पासवर आयोजकांचा नंबर असेल, आधी तिथेच फोन लावा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘रद्द’च्या मेसेजवर जाऊ नका, तो गेल्या वर्षीचाही असू शकतो! फोन उचलला नाही तर 4 नंतर नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा तात्कालिक अंदाज बघा. तो पुढच्या 3 तासांपुरताच असतो, त्यामुळे सकाळी पाहिलेला आता कामाचा नाही. विजांसाठी ‘दामिनी’ ॲप आहे. पाऊस थांबला म्हणजे कार्यक्रम होईलच असंही नाही, चिखल आणि ओल्या वायरी राहतातच ना बाप्पा! गाडी काढण्यापेक्षा मेट्रोने जा, कस्तुरचंद पार्क स्टेशन जवळच आहे. नाहीच झाला तर पार्किंगची कटकट न होता परत.