मोटरहोम, निवृत्ती आणि एल्कहार्टची नाडी

मी पुढच्या वर्षी न्यू जर्सीत निवृत्त होतोय. घर विकून मोटरहोम, म्हणजे राहण्याची सोय असलेली मोठी गाडी, घ्यावं, देशभर फिरावं, असं दोघांच्याही मनात आहे. डीलर सूट देताहेत. घेऊन टाकू का?

घर विकू नका, निदान पहिलं वर्ष तरी. आधी तीन आठवडे भाड्याने घ्या, तेही पावसाळी हवेत. आमच्या पहिल्या सहलीत मी संडासाच्या टाकीचा पाइप हातात धरून उभा होतो आणि बायको दहा फुटांवरून सूचना देत होती. पुढचं विचारू नका!

तरीही घ्यायचीच असेल तर तीन-चार वर्षं वापरलेली बघा. मोठा घसारा पहिल्या मालकाने सोसलेला असतो. टायरवर ‘डीओटी’पुढचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३वा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर बदलायलाच हवा. मग छतावर चढा आणि सांध्यांचा सीलंट तडकलाय का पाहा. पाणी तिथूनच शिरतं.

मुलगा इंडियानात आरव्हीच्या (मोटरहोम आणि गाडीमागे ओढायचे राहते ट्रेलर) कारखान्यात इंजिनियर आहे. २००९ सारखं पुन्हा होईल का? जिवाला घोर लागलाय. — एक आई, सांगली

ताई, आधी तेव्हा काय झालं ते सांगतो. अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही इंडियानात, त्यातही एल्कहार्टच्या आसपास बनतात. २००९च्या मार्चमध्ये तिथली बेकारी २० टक्क्यांच्या घरात गेली होती. ओबामा अध्यक्ष झाल्यावर महिन्याच्या आतच तिथे जाऊन आले. २००६ला कारखान्यांतून सुमारे ३ लाख ९० हजार गाड्या बाहेर पडल्या होत्या, २००९ला १ लाख ६५ हजार. त्यात स्वतःचं इंजिन असलेली खरी मोटरहोम्स जेमतेम १३ हजार! फ्लीटवुड आणि मोनॅको या बड्या कंपन्यांनी त्याच मार्चमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

लोक पेट्रोलला दोष देतात. २००८च्या जुलैत ते गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं होतं हे खरं, आणि मोठी मोटरहोम लिटरला तीन-चार किलोमीटर चालते. पण वर्षाअखेर पेट्रोल दोन डॉलरच्या खाली आलं, तरी गिऱ्हाईक फिरकलं नाही. कारण निवृत्त माणूस मोटरहोम पेन्शनमधून घेत नाही. घराच्या वाढलेल्या किमतीतून आणि साठवलेल्या शेअर्समधून घेतो. घरांचे भाव कोसळले, शेअर बाजाराचा निर्देशांक एस अँड पी ५०० दीड वर्षात निम्म्याहून खाली आला. त्यात व्याजदर शून्याजवळ गेले, म्हणजे ठेवींवर जगणाऱ्यांचाही हात आखडला. दर महिन्याची सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शन, चालूच होती, पण तिच्यात किराणा भागतो.

बाजार सावरला तो गाडीमागे ओढायच्या स्वस्त ट्रेलरमुळे. २०१७ला एकूण आकडा पाच लाखांपार गेला, तरी मोटरहोम्स २००४ एवढी झाली नाहीत.

आरव्हीचा खप पडला की मंदी येते, असं म्हणतात. करोनानंतर २०२१ला सहा लाख गाड्या गेल्या, २०२३ला ३ लाख १३ हजार. खप निम्म्यावर आला, मंदी काही आली नाही. तेव्हा मुलाला एवढंच सांगा: धंदा हेलकावे खाणारा आहे. तेजीत मोठ्या घराचं कर्ज काढू नकोस, सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेव.

मोटरहोमच्या कर्जावरच्या व्याजाची करात वजावट मिळते का?

झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि संडास असेल तर ती दुसरं घर धरता येते. पण तुम्ही प्रमाणित (खर्चाचा हिशोब न देता मिळणारी सरसकट) वजावट घेत असाल, आणि बहुतेकजण तीच घेतात, तर उपयोग शून्य. पंधरा-वीस वर्षांचं कर्ज वजावटीसाठी काढू नका.

हिवाळाभर अॅरिझोनात राहणारे पेन्शनवाले कसं भागवतात?

क्वार्टझसाइटजवळ सरकारी वाळवंटी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल मुक्काम करता येतो. कित्येक वर्षं त्याची फी १८० डॉलर होती. वीज-पाण्याची जोडणी नाही. छतावर सोलर हवा. मात्र निघण्याआधी मेडिकेअरचं, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचं, कार्ड बघा. खासगी कंपनीमार्फतचा अॅडव्हान्टेज प्लॅन असेल तर डॉक्टरांचं जाळं बहुधा तुमच्या गावापुरतंच असतं. मूळ मेडिकेअर मात्र देशभर चालतं.