हिरो नको, चरित्र अभिनेता व्हायचंय!

प्रश्न : मुलगा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजच्या एकांकिकांत कामं करतो. दिसायला साधा, केसही आत्ताच विरळ. म्हणतो, ‘मला हॉलिवूडच्या जे. के. सिमन्ससारखा चरित्र अभिनेता व्हायचंय.’ यात पोट भरतं का? – एक आई

उत्तर : ताई, केसांची काळजी सोडा. सिमन्स यांना टकलाने कुठेच अडवलं नाही, उलट संपादक, पोलीस अधिकारी, कैदी, बाप असं सगळं त्या चेहऱ्यावर शोभलं. काळजी करायचीच तर वर्षांची करा.

त्यांचा जन्म १९५५ चा. पदवी अभिनयाची नाही, संगीताची. मॉन्टाना विद्यापीठातून १९७८ मध्ये घेतलेली. मग बिगफोर्क गावातली उन्हाळी नाटकं, सिएटलची रंगभूमी, तिथून न्यूयॉर्क. ‘गाइज अँड डॉल्स’ हे संगीत नाटक १९९२ मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, पुन्हा आलं तेव्हा त्यात छोटी भूमिका मिळाली. ‘ऑझ’ या तुरुंगावरच्या मालिकेतला क्रूर कैदी लोकांच्या लक्षात राहिला, तो १९९७ नंतर. म्हणजे चाळिशी उलटून गेल्यावर! ‘व्हिप्लॅश’ चित्रपटासाठी ऑस्कर मिळालं २०१५ मध्ये, साठाव्या वर्षी. त्यातली भूमिका कोणाची? संगीत शिकवणाऱ्या जहाल मास्तरची. जुनी पदवी अशी कामी आली.

मुलं ऑस्करचं भाषण पाहतात, मधला जमाखर्च पाहत नाहीत. ‘लॉ अँड ऑर्डर’ मालिकेत अधूनमधून येणारा मनोविकारतज्ज्ञ, ‘द क्लोजर’ मालिकेत सात पर्वं पोलीस अधिकारी, विमा कंपनीच्या जाहिराती, एम अँड एम चॉकलेटच्या जाहिरातीतल्या पिवळ्या गोळीचा आवाज. घर चालतं ते अशा कामांवर. ऑस्करनंतरही जाहिराती त्यांनी सोडल्या नाहीत, हे मला फार आवडतं.

शिवाय तिथे, अमेरिकेत, कलाकारांची संघटना भक्कम आहे. १९६० च्या संपातून चित्रपट कलाकारांनी पुनःप्रक्षेपणाचं मानधन, पेन्शन आणि आरोग्य योजना मिळवली. म्हणून छोट्या भूमिकेचेही थोडेफार पैसे नंतर येत राहतात. मुंबईत हे गृहीत धरू नका. मालिकेत छोट्या भूमिकेला दिवसाच्या हिशेबाने पैसे ठरतात आणि हातात पडायला नव्वद दिवस लागणं नेहमीचंच. कामाचा दिवस आणि पैशाचा दिवस यांच्यामधलं भाडं कोण भरणार, हे आधी ठरवा.

बी.कॉम. अर्धवट सोडू देऊ नका, पण ‘हाताशी असू दे’ म्हणून नव्हे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवी लागते, नाटकांचा अनुभवही लागतो. पुण्यात विद्यापीठाचं नाटक शिकवणारं ललित कला केंद्र आहे, तेही पाहून यावं. प्रवेश नाहीच मिळाला तर एखाद्या प्रायोगिक संस्थेत जावं. तिथे पहिली काही वर्षं नेपथ्य उचलण्यात जातील, जाऊ देत.

आणि सिमन्स यांच्या संगीतासारखं याच्याकडे दुसरं काय आहे? आवाज चांगला असेल तर डबिंग शिकावं. मराठी-हिंदी दोन्ही स्वच्छ बोलणाऱ्याला तिथे काम असतं. हिशेब येत असतील तर नाट्यसंस्थांना व्यवस्थापक हवेच असतात.

निकाल लागला की त्याने स्वतः मला लिहावं. आवडत्या भूमिकांची यादी नको. पहिल्या वर्षाचा खर्च किती आणि तो कोणत्या कामातून निघेल, एवढंच एका कागदावर मांडून पाठवावं.