दर आठवड्याचा एक तास

तू विचारलंस, आठवड्यातला एक तास वृद्ध आणि अंध माणसांच्या मदतीला द्यायचाय, सुरुवात कुठून करू? आधी आपल्याच सोसायटीत बघ. एकटे राहणारे आजी-आजोबा असतील, त्यांची औषधं आण, बँकेत सोबत जा. मग पुण्यात नवी पेठेतल्या ‘निवारा’ वृद्धाश्रमात फोन करून जा. केक घेऊन एकदाच जाणारे पुष्कळ असतात. दर रविवारी पेपर वाचून दाखवणारं माणूस हवं असतं.

परीक्षांच्या दिवसांत अंध मुलांना लेखनिक, म्हणजे त्यांनी सांगितलेली उत्तरं लिहून देणारे, लागतात. कोरेगाव पार्क आणि कोथरूडच्या अंधशाळांत आधीच चौकशी कर. लेखनिकाच्या शिक्षणाची अट परीक्षेगणिक बदलते, ती विचारून घे. तासामागे २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे ३ तासांच्या पेपरला ४ तास धर. मुलगा सांगेल तेवढंच लिहायचं. उत्तर चुकतंय हे दिसलं तरी. पहिल्या पेपरला मला हे फार जड गेलं होतं.

रस्ता ओलांडताना अंध माणसाला हाताला धरून ओढू नकोस. आपलं कोपर पुढे कर, ते धरतील. अर्धं पाऊल पुढे चाल; पायरी आली की चढायची का उतरायची ते सांग.

आणि झेपेल तेवढंच कबूल कर. जमणार नसेल तर आदल्या दिवशीच कळव. आजी दुपारपासून दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या असतात.