बाबा दोन एकर विकून मला पायलट करायला निघालेत. पैसे भरू का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बारावी सायन्सला आहेस, गाव सोलापूर जिल्ह्यातलं, डोळ्यांना मायनस दोनचा चष्मा. एका क्लासने ‘साठ लाखांत पायलट’ असं सांगितलंय आणि त्यातले वीस लाख याच महिन्यात मागितलेत. बाबा पाच एकरांतली दोन एकर विकायला तयार आहेत.

मी एटीआर या छोट्या प्रवासी विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. माझे वडील कराडजवळ शाळेत शिक्षक होते. आमच्याकडे जमीन नव्हती, राहतं घर बँकेत तारण ठेवलं होतं. त्यामुळे तुझा प्रश्न वाचला आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना.

पायलट हो. पण या महिन्यात एक रुपयाही भरू नकोस. जे काम थोड्या पैशांत होतं ते आधी उरक, जमिनीचा विषय सगळ्यात शेवटी.

पहिलं काम मेडिकल. डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं. त्याने नेमलेल्या डॉक्टरकडे क्लास टू नावाची पहिली तपासणी होते, असे डॉक्टर पुण्या-मुंबईत आहेत. ती झाली की फाइल नंबर मिळतो आणि मग क्लास वन ही पुढची, जास्त कडक तपासणी करता येते. कमर्शियल, म्हणजे पायलटची नोकरी करण्याच्या परवान्याला क्लास वनच लागते. बरेच जण क्लास टू करून उडायला लागतात आणि क्लास वन ‘नंतर बघू’ म्हणून ठेवून देतात. माझ्या बॅचमधल्या एका मुलाने तेच केलं. नव्वद तास उडून झाल्यावर त्याच्या ईसीजीत दोष निघाला. तोवर घरच्यांचे तीस लाख गेले होते. हीच तपासणी आधी झाली असती तर काही हजारांत कळलं असतं. तुझ्या चष्म्याची मात्र काळजी करू नकोस. चष्म्यासकट नजर ६/६ येत असेल तर चालतं, उडताना जवळ जादा चष्मा ठेवावा लागतो इतकंच. रंग ओळखण्याची चाचणी महत्त्वाची, ती तर गावाजवळच्या नेत्रतज्ज्ञाकडेही करून घेता येईल. या आठवड्यातच कर.

दुसरं काम परवान्याचे पेपर. एअर नेव्हिगेशन (मार्ग काढणं), मीटिऑरॉलॉजी (हवामान), एअर रेग्युलेशन्स (नियम), टेक्निकल जनरल आणि टेक्निकल स्पेसिफिक. प्रत्येकात पास व्हायला ७० टक्के लागतात. याशिवाय रेडिओवर बोलण्याचा वेगळा परवाना. टेक्निकल स्पेसिफिक तू ज्या विमानावर उडणार त्यावर असतो, तो नंतर. बाकीचे घरी बसून, नाहीतर फक्त ग्राउंड क्लास लावून देता येतात. मी उडायला गेले तेव्हा माझा एकही पेपर झालेला नव्हता. दिवसभर एअरफील्डवर आणि रात्री पुस्तक, अशात नेव्हिगेशनला दोनदा नापास झाले. जी मुलं पेपर काढून आली होती ती माझ्या कितीतरी आधी बाहेर पडली. आणखी एक सांगते. चार महिने वाऱ्याचे त्रिकोण सोडवून आणि ढगांचे प्रकार वाचूनही तुला कंटाळा आला नाही, तर ही आवड खरी आहे हे बाबांनाही दिसेल.

मग पैसे कुठे भरायचे? कमर्शियल परवान्याला २०० तास उड्डाण लागतं. त्यातले १०० तास पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन, शिवाय ३०० सागरी मैलांचं एक लांब उड्डाण, रात्रीची उड्डाणं, बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडण्याचे (इन्स्ट्रुमेंटचे) तास. हे तास किती महिन्यांत होतात त्यावर सगळं अवलंबून. मी पूर्ण फी आगाऊ भरली होती. पाच विमानं दाखवली होती, प्रत्यक्षात उडत होती दोन. त्यात आपल्याकडचा पावसाळा, ढग खाली आले की आठवडेच्या आठवडे विमान हँगरमध्ये. मे महिन्यात सकाळी दहानंतर जमीन तापली की शिकायचं छोटं सेसना विमान असं हेलकावतं की नवख्याला लँडिंग जमत नाही, म्हणून सगळ्यांना पहाटेचाच स्लॉट हवा असतो. २०० तासांना मला २६ महिने लागले. होस्टेलचं भाडं आणि बँकेचं व्याज चालूच.

म्हणून बारामती, धुळे, गोंदिया, नाहीतर उत्तर प्रदेशातली फुर्सतगंजची इग्रुआ ही सरकारी उड्डाण अकादमी, जिथे जायचं ठरेल तिथे बाबांना घेऊन दोन दिवस राहा. इग्रुआला प्रवेश परीक्षा आहे, तिची तयारी आत्तापासून कर. ऑफिसात बसण्याआधी बाहेर चहाला येणाऱ्या मुलांशी बोल. आज किती विमानं उडाली? एका विमानामागे किती मुलं? मागच्या वर्षी किती जणांचे २०० तास पूर्ण झाले? डीजीसीए २०२५ पासून या संस्थांची श्रेणी जाहीर करते, तीही बघ. फी टप्प्याटप्प्याने, जेवढे तास उडाले तेवढीच घेणारी जागा मिळाली तर ती निवड.

आणि त्या साठ लाखांत टाइप रेटिंग धरलंय का, हे क्लासवाल्यांना लेखी विचार. परवाना मिळतो तो लहान विमानांचा. एअरबस ए-३२० किंवा एटीआर उडवायला त्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण लागतं, आणि बहुतेकदा तो १५-२० लाखांचा खर्च आपल्यालाच करावा लागतो.

क्लासवाल्यांनी तुला विमान कंपन्यांच्या २०२३ च्या विमान खरेदीच्या ऑर्डरी दाखवल्या असतील. एअर इंडियाची ४७० विमानं, इंडिगोची ५००. आकडे खरे आहेत. पण टंचाई जास्त आहे ती कॅप्टनची. कॅप्टनला एटीपीएल हा वरचा परवाना लागतो आणि त्यासाठी किमान १५०० तास. २०० तासांची मुलं रांगेत पुष्कळ असतात. शिवाय एखादी कंपनी बुडाली की तिचे अनुभवी पायलट त्याच रांगेत येतात, २०१२ ला किंगफिशर, २०१९ ला जेट, २०२३ ला गो फर्स्ट. माझा परवाना फेब्रुवारी २०२० मध्ये हातात आला आणि २५ मार्चपासून देशातली प्रवासी विमानं जमिनीवर होती. नोकरी लागायला दोन वर्षांवर गेली. त्या काळात मी पुण्यात मुलांना मीटिऑरॉलॉजी शिकवली, आणि दरवर्षी मेडिकल व इन्स्ट्रुमेंट रेटिंगवर (उपकरणांवर उडण्याच्या पात्रतेवर) पैसे घातले, कारण ते चालू नसेल तर मुलाखतीलाही बोलावत नाहीत. पगार नसलेली दोन वर्षं हिशोबात धरूनच बाबांशी बोल. बी.एस्सी. बाहेरून का होईना, पण पूर्ण कर.

एवढं सगळं सांगून ‘हो’ का म्हणते? माझ्या पहिल्या सोलोच्या, म्हणजे एकटीने उडण्याच्या दिवशी इन्स्ट्रक्टर सरांनी तीन सर्किट (धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या) करून घेतली, टॅक्सीवेवर थांबायला सांगितलं, पट्टा सोडला आणि उतरून गेले. त्यांचं वजन कमी झाल्यामुळे विमान नेहमीपेक्षा लवकर उचललं गेलं, चढलंही भराभर. डाउनविंडला, म्हणजे धावपट्टीला समांतर उडताना, मी सवयीने उजवीकडे बघितलं. सीट रिकामी, पट्टा नीट बांधून ठेवलेला. फायनलवर, म्हणजे उतरायच्या शेवटच्या टप्प्यात, मी मोठ्याने वेग म्हणत होते, ऐकायला कोणी नव्हतं. उतरल्यावर मुलांनी डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं. त्या संध्याकाळी माझ्या बाबांना फोन केला तर दोघांनाही बोलता येईना. आजही पहाटे ढगांवर आलो की मला तसंच होतं.

आणि मुलगी म्हणून कोणी काही बोललं, तर सौदामिनी देशमुखांचं नाव सांग. १९८५ मध्ये कोलकाता-सिलचर मार्गावर सगळ्या महिलांनी चालवलेल्या विमानाच्या त्या कॅप्टन होत्या. आज आपल्या देशात पायलटांमध्ये साधारण पंधरा टक्के स्त्रिया आहेत, जगाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त.

क्लास वनचा रिपोर्ट हातात आला की इथेच खाली लिही. नेव्हिगेशनची माझी वही अजून जपून ठेवली आहे, तिच्या पानांचे फोटो पाठवते.